बेकीची उधारी आणि वऱ्हाडातला बस्ता

सोफी किन्सेलाच्या कादंबरीत नायिकेच्याही आधी बँक भेटते. ब्रिस्टल विद्यापीठातून नुकत्याच पदवीधर झालेल्या एका मुलीचे बँकेने पत्र पाठवून अभिनंदन केलेले असते. नोकरीची पहिली दोन वर्षे तिने खात्यातल्या शिलकीपेक्षा दोन हजार पौंडांपर्यंत जास्त रक्कम उचलली तरी चालेल, असे आश्वासन त्यात असते. पुढच्या पत्रांत तीच बँक पैसे भरण्याची आठवण करून देते, मग भेटीला बोलावते, मग भेट हुकल्याबद्दल खेद कळवते. मुलीची उत्तरे आपल्याला थेट दिसत नाहीत, पण बँकेच्या पत्रांवरून कळतात. कधी पाय मोडला आहे, कधी आजारपण आले आहे, कधी आत्या वारली आहे, तर कधी कुत्रा मेला आहे.

ही मुलगी म्हणजे रिबेका ब्लूमवूड, सगळ्यांची बेकी. लंडनच्या 'सक्सेसफुल सेव्हिंग' नावाच्या मासिकात ती पत्रकार आहे. लोकांनी पैसा कसा राखावा यावर ती लेख लिहिते आणि स्वतः मात्र दुकानावरून रिकाम्या हाताने पुढे जाऊ शकत नाही. तीनशे चाळीस पौंडांचा एक स्कार्फ एकशे वीसला लागलेला असतो. हातात वीस पौंड कमी पडतात. ते मिळवण्यासाठी ती आजारी आत्याची गोष्ट रचते आणि ल्यूक ब्रँडन नावाचा व्यावसायिक तिला ते देतो. वडिलांनी सांगितलेले असते की एक तर खर्च कमी कर, नाही तर कमाई वाढव. ती दोन्ही करून पाहते. बाहेर जेवण्याचे पैसे वाचावेत म्हणून घरी भारतीय पद्धतीची भाजी करायला घेते. त्यासाठी नवी भांडी आणि मसाल्यांच्या बाटल्या विकत आणते, आणि भाजी इतकी तिखट होते की तोंडात घालवत नाही. हा प्रसंग आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला वाचून दाखवा, ती पोट धरून हसेल.

पुस्तक २००० साली इंग्लंडमध्ये 'द सीक्रेट ड्रीमवर्ल्ड ऑफ अ शॉपॅहोलिक' या नावाने आले आणि अमेरिकेत 'कन्फेशन्स ऑफ अ शॉपॅहोलिक' या नावाने गाजले. लेखिकेचे खरे नाव मॅडलिन विकहॅम. ती स्वतः अर्थविषयक पत्रकार होती, त्यामुळे बेकीच्या कचेरीतला कंटाळा तिने आतून पाहिलेला होता. स्वतःच्या नावावर आलेली पहिली कादंबरी तिने चोविसाव्या वर्षी लिहिली होती. बेकी मात्र तिने टोपणनावाने लिहिली आणि जगाने तेच नाव लक्षात ठेवले. २०१९ पर्यंत बेकीची नऊ पुस्तके झाली. १० डिसेंबर २०२५ रोजी मेंदूच्या कर्करोगाने तिचे निधन झाले, तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती.

या पुस्तकावर वाचक पंचवीस वर्षे भांडत आले आहेत. त्या भांडणावर मला बुलढाणा जिल्ह्यातून लिहायचे आहे. उधारीवर हसणे इथे सोपे नाही, आणि उधारीवर हसवण्याची एक मोठी परंपराही याच वऱ्हाडाची आहे.

वाचकांचा एक गट बेकीवर जीव टाकतो. आपणही कपाटात पिशवी लपवून ठेवली आहे, आपणही 'सवलतीत मिळालं' असे घरी सांगताना खरी किंमत गिळली आहे, आपणही बिलाचे पाकीट न फोडता खणात सारले आहे, असे हे वाचक सांगतात. त्यांना बेकीचे हिशेब आवडतात. स्कार्फवर दोनशे वीस पौंड वाचले, म्हणजे ते आपण कमावलेच, हा तिचा हिशेब वाचताना ते स्वतःचा हिशेब वाचत असतात. या गटात बायका जास्त आहेत, पण फक्त बायका नाहीत.

दुसऱ्या गटाला ती सहन होत नाही. ती खोटे बोलते, आईबापांना फसवते, बँकेच्या अधिकाऱ्याला पाठलाग करणारा माणूस ठरवून मोकळी होते, आणि इतके होऊनही शेवटी तिचे सगळे भलेच होते. टीव्हीच्या कार्यक्रमात अर्थतज्ज्ञ म्हणून काम मिळते, कर्ज फिटते, श्रीमंत आणि देखणा नायकही मिळतो. कष्ट करून हप्ते फेडणाऱ्या वाचकाला हे झोंबते. २००९ च्या फेब्रुवारीत या कादंबरीवरचा इस्ला फिशरचा चित्रपट आला, तेव्हा अमेरिकेत लोकांच्या नोकऱ्या आणि घरे जात होती. खरेदीवर हसण्याची ही वेळ आहे का, असा प्रश्न तेव्हा अनेक समीक्षकांनी विचारला. प्रश्न रास्त होता.

तिसरे मत कमी ऐकू येते. मला तेच खरे वाटते. ही कादंबरी खरेदीची असण्याआधी कर्ज देणाऱ्याची आहे. बँकेची पत्रे काढून टाका, मग एका उधळ्या मुलीच्या गमती तेवढ्या उरतील. पत्रे जागच्या जागी ठेवून वाचले की दिसते, पहिले पाऊल बँकेने टाकले आहे. जिची पत अजून कुणी पाहिली नाही, तिला आधी पैसे दिले आणि मग ती बेपर्वा कशी हे तिला बजावले. दुकानांची कार्डे, बँकेचे कार्ड, एकाचे देणे दुसऱ्यावर ढकलणे हे सगळे बेकी करते. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाचे दर मार्चला 'नवं-जुनं' करणाऱ्या, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलणाऱ्या माणसाला ते शिकवावे लागणार नाही.

पुस्तकात एक उपकथा आहे आणि वाचक तिच्याबद्दल फार बोलत नाहीत. बेकीच्या आईबापांच्या शेजाऱ्यांनी तिचा सल्ला ऐकून आपले पैसे हलवलेले असतात आणि त्यात त्यांचे मोठे नुकसान होते. विमा कंपनीने त्यांना जे सांगायला हवे होते ते सांगितलेले नसते. बेकीला लाज वाटते, राग येतो आणि ती पहिल्यांदाच मन लावून एक लेख लिहिते. तिची सुटका तिथून सुरू होते. स्वतःसाठी जे तिला जमत नव्हते, ते फसलेल्या शेजाऱ्यांसाठी जमते. हलक्याफुलक्या म्हणून बाजूला सारलेल्या पुस्तकात हा भाग आहे, आणि तो ज्यांनी वाचला त्यांनी बेकीला मूर्ख म्हणू नये.

आता बुलढाण्याकडे येतो. जिल्ह्याचे तेरा तालुके, आणि बोलण्यात त्यांचे दोन भाग: घाटावरचे आणि घाटाखालचे. वर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा आणि खुद्द बुलढाणा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटाखालची काळी जमीन कापसाची म्हणून ओळखली जाते, आणि घाटावर सोयाबीनचा जोर आहे. इथली खरेदी पगाराच्या तारखेला होत नाही, मालाच्या चुकाऱ्यावर होते. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघते, पहिल्या वेचणीचा कापूस दिवाळीच्या तोंडावर घरात येतो, आणि अडत्याकडून चुकारा हातात पडला की वर्षभर मनात ठेवलेल्या गोष्टी एका आठवड्यात घ्यायच्या असतात. पोरांचे कपडे, म्हाताऱ्याचा चष्मा, घरावरचे पत्रे, बाईचे एखादे लुगडे किंवा मंगळसूत्रातले दोन मणी. पाऊस लांबला किंवा परतीच्या पावसाने सोयाबीन शेतातच काळे पडले, तर हीच यादी पुढच्या वर्षावर जाते.

चुकारा येण्याआधी सण आला तर दुकानदार अडवत नाही. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस म्हणतो, "पैशाचं काय घेऊन बसल्या बाई, माल इकल्यावर द्याजा." त्याच्या वहीत नाव चढते. या वाक्यात माया आहे, ओळख आहे आणि व्यवसायही आहे. बेकीच्या बँकेने पहिल्या पत्रात जे लिहिले ते याहून फार वेगळे नाही. फरक एवढाच की गादीवरचा माणूस समोर बसलेला असतो, त्याला आपल्या शेतात काय पेरले आहे हे माहीत असते, आणि पाऊस गेला तर त्याचाही धंदा बसतो.

वऱ्हाडाने सुबत्तेतली खरेदीही पाहिली आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. त्या तेजीत काही शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट अजून सांगितली जाते. ती किती खरी आणि किती वाढवलेली ते बाजूला ठेवू. ती सांगताना सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो हे महत्त्वाचे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंबहून खामगावपर्यंतचा रेल्वेफाटा खुला झाला. कापूस मुंबईला आणि तिथून लिव्हरपूलला जाऊ लागला, तारेने तिकडचे भाव इकडे येऊ लागले. युद्ध संपल्यावर तेजी ओसरली होती, पण खामगावचा शेतकरी आता जगाच्या बाजाराला जोडला गेला होता. पुढे शतकाच्या शेवटी, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, दोन मोठे दुष्काळ पडले. सुबत्तेत घेतलेली चांदी तेव्हा किती घरांतून बाहेर पडली असेल, याची कल्पना करता येते.

खामगावला आज रजतनगरी म्हणतात. शुद्ध चांदीसाठी या गावाचे नाव महाराष्ट्राबाहेरही घेतले जाते. देवाच्या मूर्ती, ताम्हण, समई, निरांजन, पैंजण, करदोडा असा माल इथल्या सराफांकडे घडतो. कोजागिरीपासून गावात मोठ्या देवीचा उत्सव असतो आणि त्याच दिवसांत दिवाळीची गर्दी सुरू होते. ही खरेदी आणि बेकीची खरेदी एकाच तागडीत टाकणे मला मान्य नाही. शेतकऱ्याच्या घरात चांदी आणि सोने हे आधी दागिना नसते. ते अडचणीच्या दिवसाचे पैसे असतात. पेरणीच्या वेळी जोडवी आणि पाटल्या घेऊन पतसंस्थेत जाणारी बाई त्यावर बियाणे आणि खत आणते. १९८६ मध्ये बुलढाण्यात सुरू झालेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था देशातल्या मोठ्या सहकारी पतसंस्थांपैकी एक झाली, आणि तिच्या व्यवहारात सोनेतारण कर्जाचे स्थान मोठे आहे. बेकीचा स्कार्फ कुठलीच बँक तारण म्हणून ठेवून घेणार नाही.

बेकीच्या जवळ जाणारी खरेदी आपल्याकडे आहे, पण तिचे ठिकाण वेगळे आहे: लग्नाचा बस्ता. बस्ता फाडायला दोन्हीकडची माणसे गाडी करून खामगावला, अकोल्याला, जळगावला किंवा जालन्याला जातात. दुकानात गाद्यांवर रांगेने बसतात, चहा येतो, आणि थानामागून थान उलगडत जाते. नवरीचे शालू, नवऱ्याचा कोट, विहिणीचे पातळ, मग करवल्या, मामे, आत्या, मावश्या, मानकरी, भावकी. कोणाला किती रुपयांपर्यंतचे घ्यायचे हे घरून ठरवून आलेले असते आणि दुकानात पहिल्या तासातच ते मोडते. विहिणीच्या पातळाचा भाव चढला की मामीचाही चढतो, नाही तर मामी आयुष्यभर बोलून दाखवणार. मुलीचा बाप कोपऱ्यात बसून मनात बेरीज करत असतो. त्याला यातली एकही वस्तू नको असते. त्याच्या मनात हव्यास नसतो. तरी हा माणूस थांबू शकत नाही, आणि आपण ज्याला खरेदीचे वेड म्हणतो त्याची नेमकी हीच खूण आहे. बेकीला तिचे मन थांबू देत नाही, मुलीच्या बापाला समाज थांबू देत नाही.

हे लिहिताना मी जपून लिहीत आहे, कारण 'लग्नात उधळपट्टी करतात म्हणून शेतकरी कर्जात बुडतात' हे वाक्य शहरात फार सहज बोलले जाते. ते अन्यायाचे आहे. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा हे ते सहा जिल्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता म्हणून ती मदत आली. कोरडवाहू शेती, लहरी पाऊस, वाढलेला खर्च, पडलेला भाव, बँकेने दार लावल्यावर सावकाराचे उघडे दार, ही त्यामागची कारणे होती. लग्नाचा खर्च त्या ओझ्यावरचे आणखी एक ओझे असतो. ज्या घरातला कर्ता माणूस या ओझ्याखाली गेला, त्या घरात बेकीची कादंबरी न्यायची का? तिथले कोणी त्या पत्रांवर हसू शकेल का?

या प्रश्नाचे उत्तर मला वऱ्हाडानेच दिले. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) ते गावोगावच्या कीर्तनांत देऊन ठेवले आहे. बाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. वडील दारूत गेले, आणि बालपण मामाच्या घरी दापुऱ्याला गेले. त्या मामाची जमीन सावकाराने कशी गिळली हे त्यांनी तरुण वयात पाहिले आणि सावकारासमोर उभेही राहिले. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हा भाग मुळातून वाचण्यासारखा आहे. पुढे बाबा कीर्तनाला उभे राहत तेव्हा समोरच्या माणसांना वऱ्हाडीत प्रश्न विचारत. कर्ज काढून लग्न करता का, कर्ज काढून देवाला बकरे कापता का, तेरवीला गावजेवण घालता का? लोक उत्तरे देत, हसत, एकमेकांकडे बोटे दाखवत आणि मग गप्प होत. बाबा शेतकऱ्याला हसत नव्हते. शेतकऱ्याला कर्जात ढकलणाऱ्या रिवाजाला हसत होते. अंगावर चिंध्या पांघरलेला माणूस बोलतो आहे, तो आपल्याच घरातला आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून ते हसू त्याला लागत नसे, आणि आत मात्र उतरत असे.

कर्जावरच्या विनोदाला मी हीच कसोटी लावतो. हसवणारा कोणाच्या बाजूला उभा आहे?

या जिल्ह्याने मराठी विनोदाला दिलेले दान आपण जवळजवळ विसरलो आहोत. मराठी विनोदी लेखनाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) व्यवसायाने वकील होते. अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद इथे त्यांनी वकिली केली. 'साक्षीदार' हा त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तार'मध्ये आला. कोर्टात रोज ज्यांचे तोंड पाहायचे तेच लेखात उतरले. पुढे 'सुदाम्याचे पोहे' हा संग्रह झाला, आणि त्यातून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांनी सणवार, रूढी, समारंभ यांची झडती घेतली. गडकरी आणि खांडेकर यांनी कोल्हटकरांना गुरू मानले. १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. महाराष्ट्रगीत लिहिणारा हा माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी अशील आणि साक्षीदारांच्या गराड्यात बसून मराठीला हसायला शिकवत होता, ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

आणि आपल्या काळात खामगावचे पुरुषोत्तम बोरकर. त्यांच्या 'मेड इन इंडिया'ने ऐंशीच्या दशकात वऱ्हाडी बोलीला, तिच्यात घुसलेल्या इंग्रजीसकट, कादंबरीच्या मध्यभागी बसवले. खेड्यातल्या शिकलेल्या माणसाची घुसमट त्यांनी हसवत हसवत सांगितली. २०१९ च्या जुलैमध्ये ते गेले. बोरकरांचा विनोदही आतल्या माणसाचा आहे. त्यात खेड्याची फजिती आहे, पण तिच्याकडे दुरून पाहणारा डोळा नाही.

खरेदीच्या बाबतीत मात्र मराठी विनोद कसोटीला उतरत नाही. चिमणराव-गुंड्याभाऊंपासून दिवाळी अंकांतल्या अर्कचित्रांपर्यंत आपल्याकडे एक ठरलेले चित्र आहे: बायको दुकानात साड्या उलगडते आहे आणि नवरा पिशव्या सांभाळत घाम पुसतो आहे. सांगणारा नवरा, हसणारा वाचक आणि मुकी बायको. मंगला गोडबोल्यांसारख्या लेखिकांनी घरातल्या बाईला स्वतःचा आवाज दिला आणि हे चित्र पुष्कळ बदलले. तरी लग्नातल्या नाटुकल्यांत आणि मोबाइलवरच्या विनोदांत ते अजून ठाण मांडून आहे. किन्सेलाचे मोठेपण मला इथे दिसते. बेकी स्वतः बोलते. आपले खोटे, आपली लाज, पिशवी हातात पडतानाचा आनंद आणि घरी पोचेपर्यंत त्याचे उडून जाणे, हे सगळे तिच्याच तोंडून येते. ज्या वाचकांना ती आवडत नाही, त्यांनाही ती इतकी चिडवते याचे कारण ती आपल्या कानाशी बोलत असते.

बाईच उधळी ही समजूत आकड्यांपुढेही टिकत नाही. अमेरिकेत लॉरिन कोरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी ५.८ टक्के लोकांमध्ये खरेदीच्या वेडाची लक्षणे आढळली. बायकांत ६ टक्के, पुरुषांत ५.५ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखेच. आपल्या जिल्ह्यातही पुरुषांच्या खरेदीवर कोणी विनोद करत नाही. पाच एकरांच्या मालकाने भावकीच्या चढाओढीत हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर, पहिली चालती असताना घेतलेली दुसरी मोटारसायकल, दर वर्षी बदललेला मोबाइल, या खरेदीला आपण 'हौस' म्हणतो किंवा 'गरज' म्हणतो. बाईने बचत गटाच्या पैशातून साडी घेतली की तिला नाव ठेवायला मात्र सगळे तयार.

खरेदीच्या वेडाकडे वैद्यकाचे लक्ष शंभर वर्षांपूर्वीच गेले होते. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात आवेग न आवरण्याच्या इतर विकारांचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात त्याला अजून स्वतंत्र जागा नाही. वस्तू घेतली की क्षणभर बरे वाटणे, मग अपराधी वाटणे, ते लपवणे, आणि ते दुखणे घालवण्यासाठी पुन्हा घेणे, असे हे चक्र चालते. त्याच्या बरोबरीने उदासी आणि चिंता पुष्कळदा असतात. बेकीच्या विनोदाखाली हे चक्र तंतोतंत आहे. आजाराची नक्कल करायला बसलेल्या लेखकाला ते साधले नसते, ते साधायला माणसाबद्दल प्रेम लागते. घरात असे कोणी असेल तर त्याला उधळ्या म्हणून हिणवण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

हे दुखणे आता लंडनचे राहिलेले नाही. मेहकर किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या खेड्यात दुचाकीवर पार्सलची पोती बांधून येणारी पोरे आपण रोज पाहतो. माल दारात आल्यावर पैसे, नाही तर मोबाइलवर बोट टेकवून पैसे, नाही तर 'आता घ्या, नंतर द्या'. कर्ज देणारे ॲप पहिल्या दिवशी तेच पत्र पाठवते जे बेकीला आले होते: अभिनंदन, तुम्हाला इतके हजार मंजूर झाले आहेत. गादीवरच्या दुकानदाराला निदान आपले शेत माहीत होते. या पत्रामागे कोणी बसलेले नाही, आणि वसुलीचा फोन मात्र नेमाने येतो. तालुक्याच्या गावी बँकेत, पतसंस्थेत, शाळेत नोकरी करणारी नवी पिढी या पत्राची पहिली गिऱ्हाईक आहे. या पिढीने बेकी वाचावी असे मला मनापासून वाटते. तिला उपदेश नको असतो, आणि हे पुस्तक उपदेश करत नाही.

जे वाचक शेवटावर नाराज आहेत त्यांचे म्हणणे मी मान्य करतो. बेकी फार स्वस्तात सुटते. टीव्हीवरचे काम सगळ्यांना मिळत नाही आणि ल्यूक ब्रँडन तर कोणालाच मिळत नाही. ज्यांचे कर्ज फिटत नाही त्यांची गोष्ट या कादंबरीत नाही. विनोदी कादंबरीकडून ती मागणे अन्याय नाही. आपल्या गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त तळीरामाच्या तोंडी हसू ठेवले आणि सुधाकर-सिंधूच्या संसारात त्याची किंमतही दाखवली. १९१९ पासून ते नाटक उभे आहे, कारण हसू आणि किंमत दोन्ही त्यात आहेत. किन्सेलाने किंमत कमी दाखवली, ही तिच्या पुस्तकाची मर्यादा आहे. तरीही कर्ज देणाऱ्याचे पत्र पहिल्या पानावर ठेवणारी आणि उधार घेणारीला स्वतःची गोष्ट सांगू देणारी ही कादंबरी गाडगेबाबांच्या कसोटीला उतरते. ती उधार घेणारीच्या बाजूला उभी आहे.

आता बुलढाणा जिल्ह्यातल्या लेखकाने बस्त्याची कादंबरी लिहावी. नवऱ्यामुलाच्या मामाने नाही, मुलीच्या आईने सांगितलेली. गाडीत कोण बसले, दुकानात कोण रुसले, कोणाच्या पातळाचा भाव कोणी चढवला, परतीच्या वाटेवर बाप का बोलला नाही, पाटल्या कुठे ठेवल्या आणि कधी सुटल्या, सगळे वऱ्हाडीत, हसवत. कोल्हटकरांनी आणि बोरकरांनी बोली आणि वाट दोन्ही करून ठेवली आहे. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवात पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी होते ती पाहिली, तर अशा पुस्तकाला वाचक मिळणार नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. आणि ते लिहिले जाईपर्यंत खामगाव, चिखली, मलकापूर, जळगाव जामोदच्या सार्वजनिक वाचनालयांनी 'सुदाम्याचे पोहे', 'मेड इन इंडिया' आणि किन्सेलाची बेकी ही तीन पुस्तके एका फळीवर ठेवावीत, आणि लग्नसराई सुरू होण्याआधी ती बायकांच्या हातात पडतील अशी व्यवस्था करावी.